दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा

भावजी, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि तुमच्या गावाभोवतीचा वेढा अजून उठलेला नाही. आपल्या अंजूरबद्दल म्हणत नाही मी. अंजूरला गोदामांचा वेढा पडलाय तो काही आता उठायचा नाही, हे तुम्हीच सांगायचात. मी म्हणतेय ते फोनमधल्या खेळातलं गाव, ज्याला तुम्ही लेकीच्या नावावरून तेजूवाडी म्हणायचात. बाकीची सगळी गावं गेली, हे एकच उरलंय. बाहेर शत्रूचे घोडेस्वार उभे आहेत, आत थोडं धान्य आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी ते बघून घेते.

घरी माणसं येतायत अजून. परवा तुमच्या मावशींच्या शेजारणीनं सुषमाला हळूच विचारलं, "मोठी वयनी का गं एवढी गप झाली? दीरच व्हता ना तिचा?" तुमची बायको तुमच्याहून शहाणी आहे. ती म्हणाली, "त्या दोघांची युती व्हती." ती बाई बिचारी कोणत्या पक्षाची म्हणून विचारात पडली. पंधरा दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

युतीत मला तुम्हीच ओढलंत. मी नुकतीच काल्हेरच्या गोदामात पॅकिंगला लागले होते आणि तुम्ही तिथेच डॉकवर, गाड्या भरून सोडायच्या कामावर होतात. सकाळी मला मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं आणि रस्ताभर माझी तक्रार ऐकायची, हा तुमचा नेम झाला होता. आज सासूबाई काय म्हणाल्या, सुपरवायझर काय म्हणाला, तुमचे दादूस, म्हणजे आमचे हे, काय म्हणाले नाहीत. एक दिवस तुम्ही जेवणाच्या सुट्टीत माझा फोन घेतलात, त्यात तो खेळ टाकलात आणि म्हणालात, "वयनी, तू सगल्यांशी भांडतेसच, तर जरा कामाचं भांड."

मला वाटलं, चार दिवसांचा चाळा असेल. सात वर्षं झाली.

खेळाला तसे नियम नव्हतेच. नकाशावर शेकडो गावं, प्रत्येकामागे कुठल्या तरी शहरातला, खेड्यातला माणूस. आपलं गाव वाढवायचं, सैन्य उभं करायचं, शेजाऱ्याचं घ्यायचं. चार माणसं सोयीनं युती करतात आणि सोयीनं मोडतात. हरायला लागलेला एक तर शिव्या घालतो नाहीतर न सांगता नाहीसा होतो. जिंकणारा शेवटची वीटसुद्धा ठेवत नाही. हे तुम्हाला खपायचं नाही. का खपायचं नाही हे मला डॉकवर तुम्हाला बघितल्यावर कळलं.

भरलेल्या गाडीला सील लावलं की कागदावर ड्रायव्हरची सही घ्यायची आणि गाडी सोडायची, ही सगळ्यांची पद्धत. तुम्ही मात्र त्याला खाली उतरवायचात. तो घाईत असो, ऊन असो, मागे दहा गाड्या हॉर्न मारत असोत. त्याला मागे नेऊन सील दाखवायचं आणि "देखा" असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. तो म्हणेपर्यंत गेटपास तुमच्या हातात. मी विचारलं होतं, सही असताना हे नाटक कशाला? तुम्ही म्हणालात, "सही हात करतो, वयनी. तोंडानं बोलला का मानूस बांधला जातो."

हेच तुम्ही खेळात आणलंत. आपल्या 'खाडीकाठ' युतीत कुणाला झेपेनासं झालं, तर त्यानं पळून जायचं नाही. आधी सोबत्याला विचारायचं, शरण जाऊ का? सोबत्यानं "मानलं" म्हटलं, की जिंकणाऱ्यानं थांबायचं आणि त्याचं शेवटचं एक गाव त्याला ठेवायचं. सोबती "नाही, धर" असंही म्हणू शकतो, पण मग त्यानं आपलं सैन्य काढून त्याच्या तटाच्या आत उभं करायचं. नुसतं तोंडानं नाही म्हणायची मुभा नाही. आणि त्याच माणसानं दुसऱ्यांदा विचारलं, तर नाही म्हणता येत नाही.

आजूबाजूच्या युत्या आधी हसल्या. मग हळूहळू त्याही पाळायला लागल्या, कारण हरायची पाळी सगळ्यांवरच येते.

मला हे शिकायला मार खावा लागला. 'रानमांजर' नावाचं कुणी तरी आपल्या पूर्वेला होतं. मी त्याची गावं एकामागून एक घेतली. त्यानं रीतसर शरणागती दिली, त्याच्या सोबत्यानं मानलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी मी त्याचं शेवटचं गाव घेतलं. मला फार आनंद झाला होता. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही ताटावरून मान वर केली नाही. चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मोटरसायकलवर मी मागे आणि तुम्ही पुढे, दोघंही मुके. पाचव्या दिवशी मी चिडून म्हटलं, "खेळ आहे तो, भावजी." तुम्ही गाडी कडेला घेतलीत. "खेलात जो थांबत न्हाय तो घरात कुटं थांबनार?"

मला ते लागलं. गाव परत दिलं, वर माफीचा निरोप लिहिला. रानमांजराचं उत्तर आलं, "ठीक आहे ताई. पुन्हा उभी राहते." ती बाई निघाली. नांदेडकडे कुठे तरी झेरॉक्सचं दुकान चालवणारी. उभी राहिली ती, आणि आज तेजूवाडीबाहेरचे घोडे तिचेच आहेत.

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, शरण जाणं हा हरणाऱ्याचा हक्क आहे. माझं म्हणणं, हक्क आहे तर मग युती कशाला केली? आणि हक्क असेल तर विचारायचं तरी कशाला, सरळ जावं. एकदा याच्यावरून आपण काल्हेर ते अंजूर असे भांडत आलो की तुम्ही घराचं वळण चुकलात. अंगणात गाडी लावताना मग तुम्ही थंडपणे म्हणालात, "इचारायचं ते मागं राहनाऱ्यासाठी. त्याला नंतर असं वाटू नये का मना न सांगता गेला. आनि मानलं बोलायचं ते जानाऱ्यासाठी." मी म्हटलं, छान, म्हणजे दोन्हीकडून तुमचंच बरोबर. तुम्ही म्हणालात, हो.

भिवंडीत लूम चालवणारे अस्लमभाई आठवतात ना? त्यांनी एकदा लिहिलं होतं, "भाभी, अब नहीं होता. हाथ ऊपर कर दूँ?" मी नाही म्हटलं आणि माझं निम्मं सैन्य त्यांच्या गावात पाठवलं. ते तगले. मी तुम्हाला तो विजय महिनाभर ऐकवला. बघा, म्हटलं, मी मानलं असतं तर? तुम्ही मान डोलवून म्हणालात, त्यांनी एकदाच विचारलं म्हणून.

मग तुमच्या किडन्यांनी हात टेकले.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी भिवंडीला जायचं, चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि दुपारी पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखं परत यायचं. तुम्ही कुरकुर केली नाहीत. सुकट बंद झाली तेव्हा मात्र तुम्ही खरे हवालदिल झालात, ताटाकडे असे बघायचात की मला माझा घास गिळवेना. आठ महिने असे गेले.

त्या दुपारी मी अंगणात निवट्या, खाडीतले मासे, साफ करत होते. हात राखेनं भरलेले. तुम्ही नुकतेच मशीनवरून आला होतात, नेहमीच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "वयनी, युतीतला सवाल हाय."

मी म्हटलं, बोला.

"आता झेपत न्हाय. मशीन बंद करायची बोलतोय. डॉक्टरला इचारलंय मी, पुढं काय व्हनार तेबी म्हाईत हाय. शरन जाऊ का?"

तुम्ही खेळाबद्दल बोलत नव्हतात आणि तुम्ही खेळाबद्दल बोलत नाही आहात हे मला पुरतं कळलं होतं. घरात तुमची बायको होती, सख्खा मोठा भाऊ होता, आई होती. तुम्ही मला विचारलंत. मी निवटी खाली ठेवली नाही. म्हटलं, "न्हाय. धरा."

"न्हाय बोललीस तर सैन्य धाडावं लागंल."

"धाडते."

दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट बदलून घेतली. दुपारची घेतली, म्हणजे सकाळी तुमच्याबरोबर येता यावं. सुषमाला शाळेच्या पोषण आहाराचं काम होतं, तुमच्या दादूसना रक्त बघवत नाही, आणि नाही म्हणाले होते मी. नियमाप्रमाणे सैन्य माझंच जायला हवं होतं. सात आठवडे मी त्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसले.

भावजी, त्या सात आठवड्यांबद्दल मला कुणाचंही काही ऐकून घ्यायचं नाही, तुमचंसुद्धा. तुमचा डावा हात मशीनला, उजवा हात थरथरणारा, म्हणून फोन मी धरायचे. तुम्ही सांगायचात आणि माझं बोट चालायचं. तट वाढव. धान्य आधी. घोडे नको, माणसं ठेव. मी मुद्दाम घोडे घ्यायचे आणि तुम्ही म्हणायचात, "नर्सबाय, हिला भायेर काढा." तेजूवाडीची तटबंदी आपण दोघांनी तिथे बांधली, एका फोनवर, दोन माणसांनी, जमेल तसे. बाकीची गावं रानमांजर घेत होती आणि आपल्याला त्याचं काही वाटत नव्हतं. एकदा तुम्ही झोपलात आणि मी तुमच्याच नावानं तिच्यावर हल्ला केला. जागे झाल्यावर तुम्ही काय शिव्या दिल्यात. शेजारच्या मशीनवरचे आजोबा हसून हसून खोकायला लागले. त्या काळात तुम्ही मला तुमच्या लहानपणीची खाडी सांगितलीत, कुठे खेकडे धरायचात, कुठे आता गोदाम क्रमांक किती आहे. तुमच्या मोटरसायकलच्या मागे इतकी वर्षं बसून मी नुसती बोलत होते. ऐकायला मला ते स्टूल मिळालं.

आणि मग ती रिक्षा. आपण भिवंडीहून परत येत होतो, नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो होतो. ऊन तुमच्या गुडघ्यांवर आलं होतं आणि मी माझी ओढणी त्यावर टाकली. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वयनी, दुसऱ्यांदा इचारतोय."

नाही म्हणता येत नव्हतं. नियम तुमचा होता आणि मी तो सात वर्षं पाळला होता, दुसऱ्यांना पाळायला लावला होता, त्यावरून माणसांना युतीतून काढलं होतं. म्हणून मी नाही म्हटलं नाही. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, आतल्या रस्त्यानं घ्या ना."

तुम्ही वाट बघितलीत. मला जाणवत होतं की बघताय. मग तुम्ही हसलात, अगदी थोडं, आणि ओढणी गुडघ्यांवर नीट करून घेतलीत. पुन्हा तो विषय काढला नाहीत. उत्तर आलं नाही म्हणजे शरणागती तशीच लोंबकळत राहते आणि माणसाला जागेवर उभं राहावं लागतं, हेही आपल्याच नियमात होतं. मी पळवाट काढली, भावजी. तुम्ही माझी पळवाटसुद्धा पाळलीत. आणखी तीन वेळा त्या मशीनवर गेलात. तिसऱ्या वेळी सकाळी साडेदहाला तुमचं हृदय थांबलं. फोन माझ्या हातात होता आणि तुम्ही नुकतंच म्हणाला होतात, धान्य बघ.

मला रडू तेव्हा आलं नाही. राग आला, तुमच्यावर. एवढे कसले नियम पाळायचे माणसानं? मला दटावायचं होतंत. रिक्षा थांबवून म्हणायचं होतंत, उत्तर दे. रानमांजरासाठी चार दिवस अबोला धरलात आणि स्वतःसाठी चार मिनिटं धरला नाहीत.

नवव्या दिवशी मी आणि सुषमा तुमचे शर्ट घड्या करून ठेवत होतो. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती हातातला शर्ट टाकून उठेल. ती घडी करतच राहिली. म्हणाली, "मना म्हाईत हाय. तू न्हाय बोललीस त्या दिशी आत येऊन हसत व्हते. बोलले, मना ठाव व्हतं वयनी सोडायची न्हाय. किती दिवसांनी बरं वाटलं त्यांना. कुनीतरी धर बोललं."

मी विचारलं, मग तुला का नाही विचारलं?

"मी हो बोलले असते, ताई. मना बघवत नव्हतं. ते त्यांना ठाव व्हतं, म्हनून माझ्यावर न्हाय टाकलं."

"आणि दुसऱ्यांदा विचारलं त्याचं?"

तिनं एका कॉलरवर हात फिरवला. "त्याचं मना काय बोलले न्हाय."

तेव्हापासून मी दोन्ही नीट वेगळं करून ठेवलंय. पहिल्यांदा नाही म्हटलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. ते सात आठवडे तुमचे होते, माझे होते, तेजूनं तुम्हाला पाढे म्हणून दाखवले ते त्यातच. ते मी कुणाला परत देणार नाही. पण दुसऱ्यांदाचं उत्तर मी तुम्हाला द्यायला हवं होतं, आणि ते न देता मी तुम्हाला उभं ठेवलं. तुम्ही माझी वाट बघत गेलात. हे असंच आहे, आणि कुणी समजूत घातली तरी असंच राहणार आहे.

तुमची बातमी मी खेळातल्या सगळ्यांना दिली होती. रानमांजरानं त्याच दिवशी हल्ला थांबवला, घोडे मात्र होते तिथे ठेवले. काल तिचा निरोप आला. "ताई, घाई करत नाही. पण दादांचाच नियम आहे म्हणून विचारते. त्यांनी शरणागती मागितली होती का? मागितली असेल आणि सोबत्यानं मानली असेल, तर त्यांचं शेवटचं गाव मी कायमचं सोडते. माझ्या युतीतलं कुणी हात लावणार नाही. नसेल तर वेढा उठवता येणार नाही, माझी माणसं मला विचारतील."

मी खोटं लिहू शकले असते. तिला कुठून कळणार होतं? पण काही वर्षांपूर्वी मी जिचं शेवटचं गाव घेतलं होतं तिच्याशी तुमच्या गावासाठी खोटं बोलायचं, हे मला झालं नाही. मी लिहिलं, दोनदा मागितली. पहिल्यांदा मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा उत्तर दिलं नाही.

तिचं उत्तर लगेच आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल. मग आलं. "मग द्या की आता, ताई. मी थांबते."

एक अख्खा दिवस झाला त्याला. आज कामावरून आले, चहा घेतला आणि हे लिहायला अंगणात बसले. तुमची निळी खुर्ची तशीच आहे, कुणी बसत नाही, कुणी उचलतही नाही. फोनमध्ये एक शब्द टाकला की काम होणार आहे. पण हातानं केलेलं तुम्हाला चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिणं मध्येच ठेवून मी उठले आणि खुर्चीसमोर उभी राहिले. जरा वेड्यासारखं वाटलं. मग म्हटलं.

आवाज नीट निघाला नाही. आतून सुषमानं विचारलं, "काय बोललीस?" आणि ओल्या हातानं बाहेर येऊन दारात उभी राहिली. मी तिला काही सांगितलं नाही, पण तिला कळलं. म्हणाली, "मोठ्यानं बोल. त्यांना लागायचं तसं."

मानलं, भावजी.

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनंही म्हटलं. तुम्ही तिला विचारलं नव्हतंत, तरी. मग आम्ही दोघींनी मिळून रानमांजराला लिहिलं. ती थांबलीच होती. फोन मधे धरून बघत होतो तेवढ्यात तेजूवाडीबाहेरचे घोडे एकेक करून वळायला लागले.